पाण्यातल्या कासवाला दुसरा टाइप शोधताना

कासव पहिल्याच फटक्यात मेलं.

डॉक्टर कविता यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि हात झटकले. "झालं? क्लिनिक उघडायचंय मला."

कविता दातांच्या डॉक्टर. म्हैसूरच्या कुवेंपुनगरात आमच्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीत त्यांचा दवाखाना आहे. आमचा गेम त्यांच्याइतका चांगला खेळणारं माणूस आम्हाला अजून भेटलेलं नाही, म्हणून दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा त्या टेस्टिंगला येतात. आमची चार महिन्यांची मेहनत त्या हसतहसत दात उपटावा तशी उपटतात.

माझ्या शेजारी सुमित्रा उभी होती. कासव तिचं. म्हणजे चित्र तिचं, नाव तिचं, जीवही तिचाच. आमव्वा असं नाव तिनं ठेवलं होतं. कन्नडात आमे म्हणजे कासव आणि अव्वा म्हणजे आई. ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अय्यो वैशालीअक्का, नीट उभंसुद्धा राहू दिलं नाय हो माझ्या आमव्वाला!"

आधी माझं काम सांगते. आम्ही मोबाइलवरचा एक गेम बनवतो. त्यात प्रत्येक खेळाडू आपल्याकडच्या प्राण्यांची टीम घेऊन दुसऱ्याच्या टीमशी लढतो. प्रत्येक प्राण्याला एक किंवा दोन टाइप असतात. आग, पाणी, माती, वारा, वेल, वीज, धातू, असे. कुठला टाइप कुणाला भारी, याचा एक तक्ता असतो. पाणी आगीला भारी, आग वेलीला भारी, वेल पाण्याला भारी. भारी पडला की मार दुप्पट, हलका पडला की निम्मा. हा तक्ता सांभाळायचा आणि कुणी एकटाच शेफारू नये हे बघायचं, ही माझी नोकरी. बॅलन्स डिझायनर म्हणतात. इचलकरंजीला माझ्या आईला वाटतं मी अकाउंट्समध्ये आहे. मी तिचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही.

तर त्या सीझनला एक पक्षी शेफारला होता. त्याचं नाव भडकू. आग आणि वारा असे दोन टाइप. ज्याच्या त्याच्या टीममध्ये भडकू. मॅच सुरू झाली की इकडून भडकू, तिकडून भडकू, आणि ज्याचा आधी उडाला तो जिंकला. लोक कंटाळून गेम काढून टाकत होते. तुम्ही म्हणाल, मग पक्ष्याची ताकद कमी करा की. आधी एका प्राण्याची केली होती. लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की प्रकाश सरांनी, म्हणजे आमच्या बॉसनी, आठवडाभर रिव्ह्यू वाचणं सोडून दिलं. तेव्हा ठरलं की भडकूला हात लावायचा नाही, त्याच्यासमोर टिकेल असा नवा प्राणी आणायचा.

तो प्राणी म्हणजे आमव्वा. टी. नरसीपूरला दोन नद्या मिळतात तिथे सुमित्राच्या घरचे दरवर्षी जातात. तिथल्या काठावरचं कासव तिनं काढलं होतं, पाठीवर ओल्या गाळाचा ढीग आणि चेहऱ्यावर सासूबाईंचे भाव. आमच्या ऑफिसात एक पद्धत आहे. नव्या प्राण्याचं चित्र चहाच्या वेळी भिंतीवर लावायचं आणि टाइप काय वाटतो यावर हात वर करायचे. चित्र बघून खेळणाऱ्याला टाइप कळला पाहिजे, म्हणून ही पद्धत. सगळ्यांनी हात वर केले: पाणी आणि माती. मीही केला. इतकं गोड दिसत होतं ते की तक्ता उघडायची कुणाला आठवणच झाली नाही.

आता गंमत बघा. वेल पाण्यावर दुप्पट मारते. वेल मातीवरही दुप्पट मारते. दोन्ही टाइप एकाच प्राण्याला दिले की दुपटीची दुप्पट, म्हणजे चौपट मार. आणि भडकूला आगीवाऱ्याबरोबर वेलीचा एक हल्ला येतो. तो कुणी वापरत नाही. कविता मॅडमनी वापरला.

प्रकाश सर आले, त्यांनी निकाल विचारला आणि लगेच निर्णय दिला. "कासव बेड, नकोच. दगडी सिंह घेऊया. बाहेरच्या आर्टिस्टचा तयार आहे."

"सर, टाइप बदलून बघते. प्राणी चांगला आहे," मी म्हटलं.

"मॅडम, दिवाळीची सुट्टी संपली की त्याच सकाळी बिल्ड फ्रीझ." बिल्ड फ्रीझ म्हणजे त्यानंतर गेममध्ये काही बदलायचं नाही. "तोपर्यंत कासव जिंकलं तर कासव. नाहीतर सिंह. आणि सुमित्रा, तसं झालं तर तू बटणांच्या टीममध्ये. हे तिसरं जनावर आहे तुझं."

सुमित्राचे आधीचे दोन प्राणी असेच बाद झाले होते. बटणांच्या टीममध्ये 'पुढे', 'मागे', 'रद्द करा' असली बटणं रंगवायची असतात. ती सहा महिने ट्रायलवर होती आणि तिच्या आईनं अख्ख्या नजरबाद मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतं की माझी मुलगी गेममधली जनावरं काढते. सर गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "अक्का, बटणं काढायला मी घरी काय सांगू?" मला फार वाईट वाटलं. हात मीही वर केला होता ना.

मग मी तक्ता घेऊन बसले. पाणी ठेवायचंच होतं, कारण कासव पाण्यातलं आणि पाणी आगीला भारी. आता पाण्याला जोडीदार शोधायचा. हे काम स्थळं बघण्यासारखंच आहे. मुलगा तापट असेल तर मुलगी शांत बघायची, दोघंही तापट असले की घरात भांडी टिकत नाहीत. वेल आली की पाणी घाबरतं. मग वेलीला न घाबरणारा कोण? धातू. धातूवर वेलीचा मार निम्माच लागतो. दुप्पट आणि निम्मा, हिशेब बरोबर. धातू कशाला घाबरतो? आगीला. पण आगीचा मार पाण्यावर निम्मा. परत बरोबर. वारा धातूवर निम्मा. म्हणजे भडकूच्या तिन्ही हल्ल्यांपुढे कासव उभं! विजेला ते घाबरणार आणि मातीलाही. ते हवंच होतं. कशालाच न घाबरणारा प्राणी काढला असता तर पुढच्या सीझनला तोच शेफारला असता.

मी उड्या मारत सुमित्राकडे गेले. "तुझ्या कासवाला धातू पाहिजे."

"काय?" ती चिडलीच. "माझं कासव काय रोबो हाय काय?"

तरी तिनं प्रयत्न केले. आधी पत्र्याचं चिलखत घातलं, ते लष्कराच्या ट्रकसारखं दिसायला लागलं. मग खिळे ठोकलेली ढाल केली. प्रकाश सर जाता जाता बघून म्हणाले, "छान. कुकर आहे का?" सुमित्रानं ते चित्रही पुसलं. दोन दिवस गेले. सुट्टी सुरू झाली आणि कासव पाठीशिवाय तसंच राहिलं.

नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी सुमित्राच्या आईनं मला घरी बोलावलं. ही माणसं मूळची मराठी रंगारी, पण कितीतरी पिढ्यांपासून म्हैसूरची. घरात मराठी बोलतात, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडात कधी उतरतं ते त्यांनाही कळत नाही. इथे त्या संध्याकाळी पाणी भरायचा सण असतो. न्हाणीतला तांब्याचा मोठा हंडा चिंचेनं घासून लख्ख करायचा, त्याच्यावर चुन्याचे पट्टे ओढायचे, गळ्यात वेल बांधायची, नवं पाणी भरायचं आणि पूजा करायची. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यानं अंघोळ. आमच्याकडे पहाटेची उटणं लावून अंघोळ होती, पण हंड्याचे एवढे लाड मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांच्या घरी गीझर आहे, त्यामुळे हंडा वर्षातून एकदाच माळ्यावरून खाली येतो.

सुमित्रा तोंड पाडून हंडा घासत होती. मी म्हटलं, "इतकी घासू नकोस, झिजेल बिचारा."

तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्याला काय होतंय हो! आमच्या अज्जीपासनं चुलीवर बसलाय, जाळ खाऊन मोठा झालाय तो."

सुमित्रानं हंडा धुतला आणि निथळायला पालथा घातला. गोल, तांबूस, वरून पाणी ओघळतंय. ती उठलीच नाही. चिंचेचे हात तसेच हवेत धरून बघत राहिली.

"अक्का," ती म्हणाली, "ह्याला चार पाय काढले की झालं कासव. नोडी, बघा."

मलाही दिसलं. पाणी होतं, धातू होता, आणि आगीवर बसायची सवय तर जन्माची. मी आनंदानं ओरडले. तिनं हात पदराला पुसून फोनवर तिथेच चित्र काढायला घेतलं आणि हंडा हलवू देईना. तिची आई दिवा घेऊन उभी. "अगं, पूजेची वेळ झाली! हंडा सोड की, सुम्ने उगीच बसलीयस काय!" शेवटी आम्ही पालथ्या हंड्याचे चारी बाजूंनी फोटो काढले, तेव्हा कुठे बिचाऱ्यात पाणी पडलं.

चित्रात सुमित्रानं कासवाच्या गळ्यात वेलही घातली. मी म्हटलं, काढ, लोकांना वेलीचा टाइप वाटेल. ती म्हणाली, वेलीशिवाय हंडा कसला? अर्धा तास वाद. चुन्याचे पट्टे राहिले, वेल गेली. ती दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

फ्रीझच्या सकाळी कविता मॅडम दवाखाना उघडायच्या आधी आल्या. "परत कासव?" म्हणाल्या आणि भडकू काढला. आगीचा हल्ला. कासव उभं. वाऱ्याचा हल्ला. कासवानं जणू ऐकलंच नाही. मग त्या हसल्या आणि वेलीचा हल्ला दाबला. सुमित्रानं डोळे मिटले, माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. कासवाच्या जिवाचा निम्मा बार गेला. निम्माच! पुढच्या पाळीला कासवानं पाणी मारलं आणि भडकू पडला.

सुमित्रा किंचाळली. प्रकाश सर टाळ्या वाजवायला लागले. पण मॅडमनी लगेच दुसरी मॅच लावली, मातीचा एक बैल आणला आणि कासवाला दोन फटक्यांत आडवं केलं.

सरांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, हे हरलं की."

"हरलं पाहिजे सर," मी म्हटलं. "हरलं नाही तर पुढच्या दिवाळीला त्याच्यावर औषध शोधावं लागेल."

सरांनी मग खेळणाऱ्या माणसालाच विचारलं. "डॉक्टर, तुम्ही सांगा. काय करू?"

कविता मॅडम कपाळाला आठ्या घालून आपली टीम चाळत होत्या. "काय सांगू? आता मला सगळी टीम बदलावी लागणार. वीजवाला घ्यावा लागेल, मग मातीवाल्याचं काय करायचं? शी! रविवार गेला माझा." पर्स उचलून त्या तरातरा निघून गेल्या.

यापेक्षा चांगलं सर्टिफिकेट मला आजवर मिळालेलं नाही. सरांनी फ्रीझ केलं ते कासवासकट. सुमित्रा पक्की झाली. बातमी सांगायला तिनं आईला फोन लावला आणि आधी रडायला लागली, मग हसायला, मग दोन्ही. आईनं पलीकडून विचारलं, "जिंकतं काय ते?"

"कधी कधी," सुमित्रा म्हणाली.

"मग बरं हाय. रोज जिंकणाऱ्याशी कोण खेळणार?"

हे वाक्य शिकायला मला या नोकरीत बरीच वर्षं लागली. तिच्या आईला एक फोन पुरला.