नलूताईची शतपावली

श्रीधरभाऊजींचा फोन लॅबमध्ये आला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत रबरी मोजे होते, आणि शेजारच्या मुलीनं रिसीव्हर माझ्या कानाला धरला होता. "नलू गेली," ते म्हणाले. मग, "किचनमध्ये पडली होती. मी हॉस्पिटलमधून आलो तर..." नलूताईला आकडी आली होती, पडताना डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं आणि त्या वेळी घरात दुसरं कुणी नव्हतं. तपासायला आलेल्या डॉक्टरनं 'अपघाती मृत्यू' म्हणून सांगितलं. अपघात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नलूताईला बेसबॉलच्या बॅटनं मारलं होतं. मरायला तिला दोन वर्षं लागली, एवढंच. या गोष्टीला काही आठवडे झाले, पण माझा राग काही उतरलेला नाही. ज्यांना शांत, हळवा लेख वाचायचा असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

नलूताई मूळची अमरावतीची. तिथल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिचे यजमान श्रीधरभाऊजी भूल देणारे डॉक्टर. त्यांना डेट्रॉइटला नोकरी मिळाली आणि ही नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन त्यांच्यामागून आली. मूलबाळ नव्हतं. जम बसल्यावर त्यांनी शहराच्या उत्तरेला एका श्रीमंत उपनगरात घर घेतलं. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नावात तळं आहे आणि टेकडीही आहे. तळं खरंच आहे, टेकडी मात्र नाही. "कुणी टेकडी दाखवा बाप्पा मला, मी चढून येते," असं नलूताई प्रत्येक पार्टीत म्हणायची. मी वीस मिनिटांच्या ड्राइव्हवर राहायचे, दर रविवारी तिच्याकडे जेवायला. जेवताना ती गावाचा धडा घ्यायची. इथलं मुख्य पीक कोणतं? हिरवळ. पशुधन? कुत्री. नद्या? घरांमागून जाणारा एक ओहोळ, ज्याचं नाव तिथल्या एकाही माणसाला सांगता येत नव्हतं. लोकसंख्या? "ती गॅरेजमध्ये असते. दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं. माणूस दिसतच नाही." हसता हसता ती मध्येच गंभीर व्हायची. अमरावतीला ती मुलींना शिकवायची की पाऊस, माती आणि पाणी बघून माणसं वस्ती करतात. इथं म्हणे प्लॉटचा आकार वस्ती ठरवतो. एकराहून लहान प्लॉट पाडायचाच नाही असा नियम केला की कोण येणार आणि कोण येऊ शकणार नाही हे आपोआप ठरतं, कुणाला तोंडानं काही म्हणावं लागत नाही. शहरातून येणारी बस गावाच्या हद्दीवरच्या मोठ्या रस्त्यावर थांबायची आणि तिथूनच मागे वळायची.

त्या गावात फूटपाथ नव्हते. लोकांना ते नकोच होते. आणि नलूताईला रात्रीच्या जेवणानंतर शतपावली केल्याशिवाय अन्न पचायचं नाही! मिशिगनमध्ये उन्हाळ्यात नऊ वाजले तरी लख्ख उजेड असतो. साडी, तिच्यावर भाऊजींचा जुना स्वेटर, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, अशी ती रस्त्याच्या कडेनं निघायची. शतपावली कसली, चांगला दोन मैलांचा फेरा व्हायचा तिचा. पहिल्याच आठवड्यात पोलिसाची गाडी शेजारी येऊन थांबली. "मॅम, आर यू लॉस्ट?" नलूताईनं कमरेवर हात ठेवून त्याला विचारलं, "यंग मॅन, विच वे इज नॉर्थ?" त्याला पटकन सांगता आलं नाही. तिनं हात करून दाखवलं आणि वर म्हणाली, "देन यू आर लॉस्ट. आय ॲम नॉट." हा किस्सा तिनं आम्हाला इतक्यांदा सांगितला की मला पाठ झाला. त्या गावात पायी चालणारी माणसं दोनच प्रकारची होती. एक, बसमधून उतरून मोठ्या बंगल्यांकडे कामाला जाणाऱ्या काळ्या बायका. आणि दुसरी नलूताई. त्या बायका तिला मान डोलवायच्या. बाकीचे पडद्याआडून बघायचे.

पुढे ऐंशीच्या दशकात गाड्यांचे कारखाने बंद पडायला लागले आणि हवा बदलली. भाऊजींची गाडी जपानी होती, आणि जपानी गाड्यांनी आपल्या नोकऱ्या खाल्ल्या असं तिथं जो तो म्हणायचा. एका सकाळी तिच्या चारही काचा फुटलेल्या सापडल्या, बॉनेटवर खिळ्यानं शिवी कोरलेली. मग पत्रपेट्या सुरू झाल्या. तिथं घरासमोर रस्त्यालगत खांबावर पत्रपेटी असते. चालत्या गाडीतून बॅट मारून ती उडवायची हा तिथल्या पोरांचा खेळ. सगळ्यांच्याच पेट्या अधूनमधून फुटायच्या, पण नलूताईची तर नवी बसवली की फुटायची. एकदा तिच्या पाठीत बिअरची भरलेली बाटली बसली. काळानिळा डाग मी स्वतः पाहिला. भाऊजी हात जोडून म्हणाले, "अगं, बंद कर ना ते वॉकिंग. ट्रेडमिल घेऊ बेसमेंटमध्ये." ती म्हणाली, "काहून? मी काय उंदीर आहे?"

आणि मग ती जूनमधली संध्याकाळ. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं, कुणीतरी हिरवळ कापत होतं. मागून पिकअप ट्रक आला, त्यात तिघे होते. आधी ओरडले, "गो होम!" नलूताई चालत राहिली. ट्रक तिच्या पुढे जाऊन आडवा थांबला. एक जण बॅट घेऊन उतरला. पहिला फटका तिनं हातावर झेलला, तो हात कोपराखाली मोडला. दुसरा डोक्यावर, उजव्या कानाच्या वर. ती खड्ड्यात पडल्यावर त्यानं तिला लाथा मारल्या, बरगड्यांत, पोटात... आणि समोरच्या घरात हिरवळ कापणारा माणूस यंत्र बंद करून आत निघून गेला. रागावूनसुद्धा मला अजून हे नीट सांगता येत नाही. कामावरून बसकडे परत चाललेल्या एका बाईनं तिला पाहिलं, स्वतःचा एप्रन काढून जखमेवर दाबून धरला आणि दिसेल त्या घराचं दार बडवत सुटली. तिसऱ्या दारात कुणीतरी फोन केला.

मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा तिचं अर्धं डोकं भादरलेलं होतं आणि डोळा सुजून बंद झाला होता. फुटलेल्या ओठांतून ती मला पहिलं वाक्य बोलली ते हे, "मधू, मी घरीच तर चालले होते गं." मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. पोलीस आले तेव्हा मात्र तिचा आवाज शाळेतला होता. लाल ट्रक, ओहोळाच्या पलीकडचा रस्ता, वळणावरचं विटांचं घर, गॅरेजवर बास्केटबॉलची रिंग. रोज चालून तिला कुठल्या दारात कुठली गाडी हे तोंडपाठ होतं. पोरं सापडली. कारखान्यातून हाकललेल्यांची नव्हती हो. बॅटवाला तर एका दाताच्या डॉक्टरचा मुलगा, कॉलेजला निघालेला.

ती घरी आल्यावर त्या मुलाचा बाप आला, हातात 'ॲपल पाय', सफरचंदाचं गोड सारण भरून भाजलेला. मी तिथंच होते. तो खूप गोड बोलला. मुलगा चांगला आहे, दारू प्यायला होता, त्याचं आयुष्य बरबाद होईल, तुम्ही कोर्टात दोन शब्द बरे बोललात तर... नलूताईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही आलात कसे?" तो म्हणाला, गाडीनं. त्याचं घर नलूताईच्या घरामागच्या झाडीपलीकडे, चालत पाच मिनिटंही नाहीत. नलूताई म्हणाली, "आता घरी जा. तिथून रस्त्यानं चालत या. मग मी तुमचं ऐकते." तो हसला, त्याला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट झाली. मग तिचा चेहरा बघून उठला. आम्ही संध्याकाळपर्यंत खिडकीत बसलो. तो आला नाही. भाऊजींनी, ज्यांनी आयुष्यात कधी पानात अन्न टाकलं नाही, त्यांनी तो ॲपल पाय बशीसकट कचऱ्याच्या डब्यात आपटला. पुढे कोर्टात त्या मुलाला जी शिक्षा झाली तिला शिक्षा म्हणायची मला लाज वाटते. हिवाळ्यात तो कॉलेजमध्ये होता.

डोक्याला बसलेल्या त्या मारामुळे नलूताईला आकड्या येऊ लागल्या. त्यामुळे ड्रायव्हिंग बंद. त्या गावात गाडी नाही म्हणजे कोंडवाडा; दूध आणायचं तरी कुणाच्या तरी तोंडाकडे बघायचं. भाऊजी म्हणाले घर विकू, अपार्टमेंट घेऊ, जिथं आपली माणसं आहेत तिथं राहू. ते रडलेसुद्धा माझ्यासमोर. ती म्हणाली, "आता निघाले तर ते जे ओरडले ना, ते मी ऐकलं असं होईल." हात जुळला तशी ती पुन्हा निघाली. फक्त आता तपकिरी ओव्हरकोटाच्या उजव्या खिशात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता असायचा. तिच्या आईनं लग्नात दिलेला, वेलची कुटायचा. भर उन्हाळ्यातही कोट! मी म्हटलं, "नलूताई, घाम येत नाही?" ती म्हणाली, "येतो की. पण साडीला खिसा कुठाय?"

आणि एके दिवशी तो बत्ता चालला. मागून गाडी आली, हळू झाली, तिच्याबरोबर सरकायला लागली. नलूताई वळली आणि सगळा जीव एकवटून तिनं पुढच्या दिव्यावर बत्ता घातला. काचा उडाल्या. पुन्हा एकदा घातला. आत एक म्हातारी गोरी बाई होती, दोन्ही हात तोंडावर धरलेली. कोट घातलेली बाई उन्हात चाललीय, बरं नसेल तर सोडावं, म्हणून तिनं गाडी हळू केली होती. बिचारीनं तक्रारही केली नाही. पण नंतर ती नलूताईला पाहिलं की रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेनं गाडी काढायची. त्या दिवशी नलूताई माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. हॉस्पिटलमध्येही ती अशी रडली नव्हती. "बघ मधू, मला काय करून ठेवलं त्यांनी. मी म्हातारीवर हात उचलला बाप्पा..." तिच्या केसांखाली टाक्यांचा उंचवटा माझ्या बोटांना लागत होता. मला त्या क्षणी तो मुलगा समोर हवा होता. खोटं कशाला बोलू, मी त्याला मारलं असतं.

परवा रविवारी मी भाऊजींकडे गेले. पिठलं-भात केला, दोघं जेवलो. नलूताईचा कोट दाराशेजारच्या खुंटीवर तसाच आहे, उजवीकडे ओढल्यासारखा झुकलेला. हात धुऊन भाऊजी कोटाजवळ गेले, खिशातून बत्ता काढला आणि स्वतःच्या जाकिटात टाकला. "येतेस?" म्हणाले. इतक्या वर्षांत हा माणूस एकदाही तिच्याबरोबर चालायला गेला नव्हता. कधी ड्यूटी, कधी थकवा, आणि शेवटी शेवटी भीती. आता दिवस लहान झालेत, बाहेर अंधारून आलं होतं. ओहोळाच्या वळणावर मागून गाडीचे दिवे आमच्या पाठीवर पडले. आमच्या सावल्या पुढे रस्त्यावर लांब झाल्या. गाडी हळू झाली... भाऊजींचा हात खिशात गेला आणि तिथंच घट्ट राहिला. दोघांपैकी कुणीही वळून बघितलं नाही. गाडी बाजूनं निघून गेली, आत कोण होतं तेही कळलं नाही. भाऊजी मात्र जागेवर उभे राहिले, त्यांना श्वास लागला होता. "मधू," ते म्हणाले, "ती हे रोज करायची. एकटी."

परत आल्यावर मला वाटलं, आता बत्ता खलात जाईल. ओट्यावर खल कधीचा रिकामा आहे. भाऊजींनी जाकीट काढलं, बत्ता नीट पुसला आणि पुन्हा तिच्या कोटाच्या खिशात ठेवला. "उद्या लागेल," म्हणाले.