साखर झालेली सून

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाई कागद बघून "तुम्हाला शुगर आहे" म्हणाल्या, तेव्हा मी आधी दाराकडं बघितलं. बाहेरच्या बाकड्यावर कुणी ओळखीचं तर बसलं नाही ना! पोटात पाच महिन्यांचं लेकरू, आणि मला पडली होती लोकांची. आमच्या पुसेगावात साखर व्हायची ती गादीवर बसणाऱ्या शेठ लोकांना. मी दिवसभर रानात वाकणारी बाई. मला झाली म्हटल्यावर गाव म्हणणार, ह्यांची सून बसून खाती.

"गरोदरपणात होते काहींना," बाई म्हणाल्या. "तुमचा दोष नाही. पण सांभाळलं नाही तर लेकरू पोटात फार वाढतं आणि बाळंतपणात अडकतं. जिवावर बेततं."

शेजारी आत्याबाई बसल्या होत्या. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. एरवी एसटीच्या कंडक्टरलाही न सोडणाऱ्या आत्याबाई तिथं एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, माझी लाज वाटली त्यांना. परतताना एवढंच म्हणाल्या, "कोनाला सांगू नको."

मी कशाला सांगते! नवऱ्यालासुद्धा 'रक्त कमी आहे' म्हणून गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी साखरेचा डबा वरच्या फळीवर चढवला आणि मला गुळाचा चहा सुरू केला. गुळाच्या दशम्या, गुळाचा शिरा, झोपताना दुधात गूळ. "साखर कारखान्यातली, औषिद मारल्याली. गूळ आपल्या रानातला. त्यानं काय व्हतंय?" मलाही ते लख्ख पटलं. कशा दोघी शहाण्या! मी भात सोडला आणि त्याच्या बदल्यात एक दशमी जास्त खाऊ लागले.

पुन्हा तपासलं तर साखर वाढलेली. काय खाता, असं बाईंनी विचारलं. मी मान खाली घातली. आत्याबाई मात्र तोऱ्यात म्हणाल्या, "साखरेचा दाना न्हाई गेला तिच्या पोटात. गुळावर ठिवली म्या."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो आजी, गूळ म्हणजे साखरच की!"

दार उघडंच होतं. रांगेतल्या बाया खुदकन हसल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. आता इंजेक्शन लागणार होतं. मला बाहेर बसवून आत्याबाई परत आत गेल्या आणि बराच वेळ बोलून आल्या. मी काही विचारलं नाही. वाटलं, माझीच गाऱ्हाणी सांगितली असतील.

मग ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोजकी उसळ, बस्स. फ्रीज कुठला आमच्याकडं? इंजेक्शनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून गाडग्यात ठेवायची. ते घेताना मी खोलीचं दार लावायची. "दार लावून काय करून राहिली गं?" शेजारीण विचारायची. "लुगडं नेसून राहिले," मी म्हणायची. एवढं काय दिवसातून दोनदा लुगडं नेसते, असं तिला वाटत असेल. वाटू दे.

सातव्या महिन्यात डोहाळेजेवण आलं. ओटी भरली की एकेक सवाष्ण गरोदर बाईच्या तोंडात गोड घास घालते. तो घास नाकारायचा नसतो. नाकारला तर घालणारीचा अपमान, आणि वर लेकराला अपशकुन. मी मनाशी ठरवलं होतं, मुकाट्यानं गिळायचं. एवढ्या बायांसमोर 'मला साखर झाली' असं सांगण्यापेक्षा मेलेलं बरं.

थोरल्या चुलतसासूबाईंनी तुपात बुडवलेला पुरणपोळीचा घास उचलला. मी तोंड उघडलं. तेवढ्यात आत्याबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"नगा घालू. तिला साखर हाय."

माझे कान तापले. असा राग आला मला आत्याबाईंचा! सांगू नको म्हणणाऱ्या तुम्हीच ना?

थोरल्या सासूबाई घास तसाच धरून म्हणाल्या, "खाऊन खाऊन झाली आसंल. तुहं न्हवतं का तसंच? खाऊन खाऊन लेकरू एवढं वाढवलंस की अडकून मेलं."

माझ्या नवऱ्याच्या आधी आत्याबाईंना एक लेकरू झालं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेही असं.

आत्याबाईंनी त्यांचं मनगट सोडलं. म्हणाल्या, "म्या खाल्लं न्हाई, बाई. खायला घरात व्हतं काय तवा? लाज सोडून इच्यारलं म्या डाक्टरीणबाईला. तिनं सांगितलं, तुमालाबी तवा ह्योच रोग झाला आसंल. इतकी वर्सं तुमी मला खादाड म्हनत आल्या, अन् मीबी त्येच खरं धरून बसले. माह्या लेकराला म्याच खाल्लं म्हनून."

थोरल्या सासूबाईंनी घास ताटात ठेवला. मी मात्र अजून तोंड उघडून तशीच बसले होते. आपल्या खाण्यानं लेकरू गेलं, असं ही बाई जन्मभर मानत आली, आणि मी चार बायांच्या भीतीनं तो घास जाणूनबुजून गिळायला निघाले होते. लाजेनं मला वर बघवेना. आत्याबाईंच्या पदराचं टोक हातात घट्ट धरून बसले.

बाळंतपण हिंगोलीला झालं. नर्स दारात जाऊन दबक्या आवाजात म्हणाली, "पोरगी झाली, आजी." काही चुकलंच असावं असा तिचा सूर. आत पडल्या पडल्या माझंही मन खट्टू झालं. आता बाया काय म्हणतील? मेलं हेच पुन्हा माझ्या डोक्यात!

आत्याबाई बाहेरून म्हणाल्या, "त्ये कुठं इच्यारलं म्या? रडलं का लेकरू?"

"ऐकू येऊन नाही राहिलं का आजी? केव्हाची बोंबलते आहे."

ऐकू तर येत होतं. सगळ्या दवाखान्याला येत होतं. पण आत्याबाईंनी पुन्हा विचारलं, "रडलं म्हन ना, माय. एकदा म्हन."