बोगोट्यात पाडलेली अंगठी

माणूस पारखायची माझी एकच रीत आहे आणि ती मी बोगोट्यातल्या नाचाच्या हॉलमध्ये वापरली. अजून आठवलं की कानशिलं गरम होतात.

मी कवठे महांकाळकडचा. आमच्या भागातली पुष्कळ माणसं देशभर गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या. मीही मदुराईत उभी हयात भट्टीपुढे काढली. पोरगी कॉम्प्युटरच्या नोकरीला कोलंबियात गेली आणि दोन वर्षांनी फोनवर म्हणाली, इथल्याच एका गणिताच्या मास्तरशी लग्न करणार आहे. मी तडक तिकीट काढलं. माणूस खोटा निघाला तर पोरीला घेऊनच परत यायचं, हे मनाशी पक्कं होतं. निघताना बायकोनं बजावलं, "आवं, नीट बघून या. पर पोरीला दुखवू नगा."

आठवडाभर त्या दोघांनी मला शहर दाखवलं. रोपवेनं डोंगरावरच्या पांढऱ्या चर्चला नेलं. तिथल्या विरळ हवेत मला धाप लागली, तर मास्तरनं पळत जाऊन कसल्या तरी पानांचा गरम चहा आणून पाजला. माणूस फार गोड होता आणि मला तेच खटकत होतं. सोन्याच्या संग्रहालयात तर मी एका काचेपुढून हलेना. तिथल्या जुन्या कारागिरांनी तांब्यात सोनं मिसळून वरून असं उजळलं होतं की मुरलेला सराफही फसावा. मी पोरीला म्हणालो, "बघ, ह्या मुलखात हे पयल्यापास्नं हाय." मास्तर हसून मान डोलवत होता. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं.

शनिवारी त्या हॉलमध्ये साल्सा, म्हणजे तिथला जोडीनं करायचा नाच, बघायला गेलो. ढोल, तुताऱ्या आणि घामाघूम गर्दी. माझ्या वयाच्या बायका उंच टाचांवर गरागरा फिरत होत्या. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. मास्तर तर अंगात आल्यासारखा नाचत होता.

आमच्या धंद्यात नवा माणूस ठेवला की त्याच्यासमोर, चुकून पडल्यासारखा, सोन्याचा कण खाली पाडायचा. उचलून देतो का बघायचं. काहीजण बुटाच्या तळाला मेण लावून येत आणि कण हळूच पायाखाली दाबत. त्यांना त्याच दिवशी गावची गाडी दाखवायची.

एक गाणं संपलं तसं मी बोटातली लग्नातली अंगठी ओढून काढली आणि मास्तरच्या पायाशी सोडली. त्यानं ती पाहिली, आणि तिच्यावर बूट ठेवला.

पुढचं गाणं सुरू झालं. पोरगी त्याचा हात ओढतेय आणि हा जागचा हलत नाही! माझ्याकडे बघून हातवारे करायला लागला, तेव्हा मी तोंड फिरवलं. चार गाणी अशी गेली. उद्याच्या विमानात दोन जागा मिळतील का, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं.

वाजवणारे पाणी प्यायला थांबले, गर्दी पांगली. मास्तर वाकला, अंगठी रुमालानं पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवून दोन्ही हातांनी मूठ मिटली. मग पोरीशी भराभरा बोलला.

"म्हणतोय, गर्दीत वाकलो असतो तर कुणाच्या तरी पायानं उडाली असती," पोरगी म्हणाली. "म्हणून दाबून हुबा हुता. तुमाला किती खुणवत हुता, तर तुमी बघंनाच."

एवढं हायसं मला माझ्या पोरीच्या जन्मानंतर कधी वाटलं नव्हतं. मी त्या परक्या माणसाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडलो. तो गोंधळून माझी पाठ थोपटत राहिला.

घरी चालत जाताना मास्तर दोन पावलं पुढे होता. पोरगी हळूच म्हणाली, "आप्पा, मुद्दाम पाडली न्हवं?"

"व्हय."

"आन त्यानं ठिवून घेतली आसती तर?"

"तुला घिऊन गेलो आसतो."

"मी आले नसते, आप्पा."

रागानं नाही, अगदी शांतपणे म्हणाली. मी पुढे चाललेल्या मास्तरच्या पाठीकडे बघत राहिलो. त्या चार गाण्यांत मी माझी पोरगी गमावत होतो, आणि त्यानं ती मला परत दिली, हे त्याला आजही ठाऊक नाही.