पॅव्हेलियनचं घड्याळ आणि वजीहभाईंचा रोजा

वजीहुद्दीनसाहेबांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यांच्या शिष्यांनी हा गौरवग्रंथ काढला आहे. त्यांच्या गोलंदाजीबद्दल जाणकारांनी लिहिलं असेलच. मी अंबरपेठच्या आमच्या क्लबात सत्तावीस वर्षं स्वयंपाक करते. चेंडू आत वळला की बाहेर गेला हे मला अजून कळत नाही. माणूस ताटावर कसा बसतो हे मात्र कळतं. तेवढंच लिहिते.

मी नांदेडकडची. लग्न होऊन हैदराबादला आले आणि क्लबात कामाला लागले. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक उंच, दाढीवाले गोलंदाज आले. हातात रिकामं ताट. म्हणाले, "बाई, ये दाल में चमचा कौनसा डाले?"

माझं डोकंच फिरलं. आम्ही बौद्ध. जेवणाआधी कुणी भांड्याची चौकशी केली की पुढचा प्रश्न कोणता येतो, हे मला लहानपणापासून माहीत. मी पळी ओट्यावर आपटली. म्हणलं, "माझ्या हातचं चालत नसेल तर घरून डबा आणा!"

वजीहभाई दोन पावलं मागं सरकले. "तोबा! हाथ का कैकू पूछूं बाई? चमचे का पूछा. चिकन का चमचा दाल में गया तो मेरेकू नै चलता."

आमची कोंबडी ज्या दुकानातून येई तिथं ती हलाल नसायची, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि चमचा एकच होता, हे खरं. मी तसंच सांगितलं. त्या दिवशी ते दही-केळ्यावर खेळले. दुसऱ्या दिवशी अफझलगंजहून नवी पळी आणून त्यांनी माझ्या हातात दिली. तेव्हापासून डाळीची पळी वेगळी, आणि वजीहभाईंचं दुपारचं ताट माझ्याच हातचं. मीही त्यांना पुन्हा कधी तोंड टाकून बोलले नाही. म्हणजे, त्या कारणावरून नाही.

आता रोज्याची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही.

वजीहभाई क्लबाचे पगारी खेळाडू होते. क्रिकेटवरच घर चालायचं. वय तेहतीस झालेलं, आणि वेगवान गोलंदाजाला ते वय म्हणजे म्हातारपण, असं सगळे म्हणायचे. त्या वर्षी रमजान थंडीत आला आणि साखळीतला शेवटचा सामना रोज्यात पडला. सामन्याच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी माझ्याच खिडकीसमोर त्यांना म्हणाले, "वजीह, उद्या रोजा सोडा. उपाशी माणूस वीस षटकं टाकू शकत नाही. उद्या हरलो तर पुढच्या मोसमात रोजा धरणारा एकही गडी मला संघात नको."

संघात आणखी दोन मुसलमान पोरं होती, नुकतीच आलेली. दोघं तिथंच उभी होती. मान खाली.

वजीहभाईंचा आवाज चढला नाही. "साब, मेरा हाथ ढीला पड़ा तो निकाल देना. हाथ देखो, पेट नक्को देखो."

सामन्याच्या दिवशी ते पहाटे जेवून आले होते, त्यानंतर पाण्याचा थेंब नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे माझ्याकडे आले, ते सामानाच्या खोलीत रोलरच्या दोरखंडाशेजारी चटई टाकून नमाज पढले. मग पंधरा मिनिटं डोळे मिटून पडले आणि पुन्हा मैदानात. मी खिडकीतून षटकं मोजत होते. मला, जिला चेंडू कळत नाही! अठरा झाली, एकोणीस झाली. समोरच्यांची शेवटची जोडी खेळत होती आणि त्यांना जिंकायला चारच धावा हव्या होत्या. उजेड उतरत होता.

इफ्तारची वेळ मी सकाळीच विचारून ठेवली होती. पॅव्हेलियनच्या घड्याळात ती वेळ झाली तशी मी खजूर आणि पाणी घेऊन धावत सीमारेषेवर गेले. वजीहभाई दोन षटकांच्या मध्ये तिथंच उभे असायचे. ओठांची सालं निघालेली. त्यांनी खजूर घेतला, तोंडापर्यंत नेला, आणि थांबले.

"बाई, कौनसी घडी देखे?"

"पॅव्हेलियनची."

ते हसले. त्या अवस्थेत हसले! "वो तो तुम दस मिनट आगे रखे ना."

मी कपाळावर हात मारला. गडी जेवायला वेळेवर यावेत म्हणून ते घड्याळ मीच दहा मिनिटं पुढं केलं होतं. दिवसभर पाळलेला रोजा माझ्या हातानं मोडला असता. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, जाऊ दे, चूक बाईची, आणि गटकन पाणी प्यालं असतं. कुणी बघत नव्हतं. वजीहभाईंनी खजूर खिशात टाकला आणि विसावं षटक टाकायला गेले.

पहिल्या चेंडूवर दोन धावा गेल्या. सेक्रेटरी खुर्चीतून उठले. पुढचे दोन चेंडू फलंदाजानं कसेबसे अडवले. चौथ्या चेंडूवर मधला स्टंप उडाला, आणि तो मला तिथून, सीमारेषेवरून दिसला! जिंकलो! संघ धावत त्यांच्या अंगावर पडला. त्या गोंधळात मागच्या मशिदीतून अजान आली. ढिगाखालून वजीहभाईंचा हात तेवढा वर आला, आणि हातात चेंगरलेला खजूर.

पाण्याचा ग्लास घेऊन मैदानात कोण गेलं माहीत आहे? सेक्रेटरी. स्वतः. त्यानंतर क्लबात कुणाच्या रोज्याचं नाव कुणी काढलं नाही. ती दोन पोरं पुढं कितीतरी वर्षं खेळली.

वजीहभाईंनी आपला धर्म कुणावर लादला नाही. चषक जिंकला की पोरं दारूची बाटली उडवायची. वजीहभाई फोटो निघायच्या आधीच गुपचूप बाजूला व्हायचे. पुढं कप्तानच ओरडायला लागला, "थांबा रे! आधी वजीहभाईंसोबत फोटो, मग बाटली!"

आणि दुसऱ्याचा सणही त्यांना आपल्याच सणासारखा वाटायचा. एकदा भीमजयंतीला सामना लागला. मी रजा मागितली नव्हती, मिळणार नाही हे धरूनच चालले होते. वजीहभाई सेक्रेटरींना म्हणाले, "उस दिन बाई की ईद है. हम केले खा लेते." संध्याकाळी भाभींना घेऊन आमच्या वस्तीत आले आणि निळ्या झेंड्याखाली बसून दोन वाट्या खीर खाल्ली.

आता ते पोरांना शिकवतात. रमजानात सरावाची वेळ बदलते, आणि इफ्तारला विद्यानगरची, पुण्याहून आलेल्या हिंदू घरांतली पोरंसुद्धा अजान होईपर्यंत खजूर हातात धरून बसतात. ही शिकवण कुणी फळ्यावर लिहिली नाही.

ते घड्याळ अजून दहा मिनिटं पुढंच आहे. रमजानचा महिना तेवढा मी ते बरोबर लावते.

वजीहभाई, सगळे म्हणतात तुम्हाला साठ झाली. मला पटत नाही. कुणीतरी घड्याळ पुढं केलेलं दिसतंय. तुमचे गुडघे धड राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि तुमचं ताट वाढायला मला अजून पुष्कळ वर्षं मिळोत. पळी वेगळी ठेवली आहे.