रिकाम्या कॅरिअरचा माणूस

मोतीराम खैरनार सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. माणूस सरळ. दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखूसुद्धा नाही. खोड एकच: पहाटे उठून, काहीही काम नसताना, सायकल चालवायची.

त्याची बायको प्रतिभा सुरुवातीला फार मागे लागायची. "येताना कोथिंबीर तरी आणा. निदान जाण्याला काही अर्थ राहील."

मोतीराम आणायचा नाही. कोथिंबीर म्हणजे थांबणं आलं, भाव करणं आलं, पिशवी सांभाळणं आलं. म्हणजे ते कामच झालं. काम काय, कारखान्याचा भोंगा वाजला की दिवसभर होतंच.

पहाटे गंगापूर गाव मागे पडलं, की द्राक्षबागांतून गार वारा यायचा. समोरून भाजीच्या जुड्या लादलेल्या सायकली शहराकडे चाललेल्या असायच्या आणि मोतीराम एकटाच उलट्या दिशेला, रिकामा. चौऱ्याण्णव सालच्या थंडीत त्याला असाच भटकताना कोशिरेवाडीचा उतार सापडला आणि त्याचं भानच हरपलं. आधी जीव काढणारा चढ. मग एकदम पायडल सोडून द्यायचे, पाय पुढे ताणायचे आणि फ्रीव्हीलची बारीक कटकट ऐकत थेट गावात उतरायचं. इतका सुखी आवाज त्याने कुठल्याच मशीनमधून ऐकला नव्हता.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. डोक्याला मफलर गुंडाळलेला, तोंडातून वाफा, छातीचा भाता झालेला, अशा अवस्थेत मोतीराम कारभारीच्या चहाच्या टपरीसमोर थांबला. बोलता येईना म्हणून त्याने नुसता हात वर केला. टपरीजवळ शेकत बसलेल्या चतुराबाई ताडकन उठल्या.

"कोन गेलं रे बाबा?"

मोतीरामला वाटलं, कोण आलं असं विचारताहेत. तो धापा टाकत म्हणाला, "सातपूर... सातपूरचा..."

"सातपूरचा! माझा दत्तू गेलाऽऽ!" चतुराबाईंनी जमिनीवर बसकण मारली आणि असा हंबरडा फोडला, की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. दत्तू हा त्यांचा धाकटा भाऊ, राहायला सातपूरला. घराघरांतून माणसं धावली. कारभारीने दुःखाने स्टोव्ह विझवला. कुणीतरी मोतीरामच्याच पाठीवरून हात फिरवून म्हणालं, "लय लांबून आलास बाबा. पानी पी."

पाणी पिऊन मोतीरामने विचारलं, "पण दत्तू कोण?"

हंबरडा मध्येच थांबला.

"म्हंजे दत्तू गेला नाय?" कारभारी म्हणाला.

"मी त्याला ओळखत नाही."

"मंग दुसरं कोन गेलं?"

"कुणीच नाही."

"मंग तू आलास कशाला?"

"सायकल चालवायला."

हे ऐकून गावात जी शांतता पसरली, ती मयताच्या बातमीनेही पसरली नव्हती.

चूक गावाची नव्हती. गावातला एकुलता एक फोन पंचायतीत कुलपात असायचा. त्यामुळे पाहुण्यांत कुणी वारलं, की सांगावा पहाटे सायकलवरून यायचा. दूधवाल्याला किटल्या, भाजीवाल्याला जुड्या. रिकाम्या कॅरिअरने, धापा टाकत येणारा माणूस एकच बातमी आणतो, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

"भाऊ, तुझी मौज व्हती, पन आमचा जीव जातो," कारभारीने हात जोडले. "या रस्त्यानं येत नको जाऊ."

मोतीराम दिवसभर लेथपुढे उदास. रस्ते नाशकात पुष्कळ होते, पण तो उतार एकच होता. शेवटी त्याला युक्ती सुचली. दुसऱ्या दिवशी त्याने कॅरिअरला रिकामी किटली बांधली. उतारावर ती अशी खणखणली, की अर्धं गाव पातेली घेऊन रस्त्यावर! किटलीत काही नाही हे कुणी मानेना.

"गिऱ्हाईक बघून दूध देतो मेला," चतुराबाई म्हणाल्या. "कालपासून मला पान्यात बघतोय."

मग मोतीरामने डोकं लावलं. सांगावा आणणारा माणूस काय करणार नाही? गाणार नाही! पण याला एकही गाणं धड येत नव्हतं. पाठ होते ते फक्त पाढे. म्हणून तिसऱ्या दिवशी उतारावरून सायकलीच्या आधी आवाज आला, "सतरा एके सतराऽऽ! सतरा दुणे चौतीऽऽस!"

गाव दचकलं, पण रडलं नाही. चतुराबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "सातपूरचा येडा आला. ठेव रे कारभारी, चहा ठेव."

जमलं! पुढे दोन हिवाळे मोतीराम पाढ्यांवर गावात उतरत राहिला. म्हशी सतराच्या पाढ्याला पान्हा सोडतात, असंही कुणी म्हणू लागलं. अठ्ठावीसच्या पाढ्याला तो नेहमी अडायचा, तेव्हा टपरीवरून पुढचा आकडा ओरडून सांगायची जबाबदारी कारभारीने घेतली. तोही चुकीचाच सांगायचा.

आणि मग एका पहाटे मोतीरामचा घसा बसला. घरी राहावं, तर करमेना. निघाला. उतारावरून मुकाट, मफलर गुंडाळून, धापा टाकत खाली आला. टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले.

"कोन गेलं?" चतुराबाईंनी विचारलं.

मोतीरामने गळ्याला हात लावला आणि कसंबसं कुजबुजला, "आवाज गेला..."

चतुराबाईंना ते कुणाचं तरी नावच वाटलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आवाज गेला गंऽऽ! कुनाचा का असंना, चांगला व्हता बिचारा!"

"आवो मावशी, याचा आवाज गेला! गळ्यातला!" कारभारी ओरडला. या खेपेस स्टोव्ह विझवण्याआधी त्याने चौकशी केली होती.

चतुराबाईंनी डोळे पुसले. घरात जाऊन त्यांनी आलं, तुळस आणि गूळ घालून काढा उकळला, आणि मोतीरामपुढे पेला आदळून त्याच्यावर खेकसल्या, "मुडद्या, हे पी. आन उद्या आवाज नसंल, तर थाळी बडवत ये. पन आल्याबिगर ऱ्हाऊ नको."

"नाही आलो तर?" मोतीरामने ओठ हलवले.

"तर आमीच सातपूरला येऊ," कारभारी म्हणाला, "सायकलीवर. आन तुझ्या दारात उभं ऱ्हाऊन इचारू, कोन गेलं?"