सात दाणे

साठे मास्तर भात कालवायच्या आधी पानात दाणा दाणा सुटा करत बसायचे. मला तर हा माणूस पहिल्या दिवसापासून खटकला.

लढाईतल्या बाँबच्या भीतीनं मुंबई सोडून ते शेणव्याला आमच्या पडवीत भाड्यानं राहिले. कॉलेजात शिकवत, म्हणे. इथे दिवसभर आकडे लिहायचे. विचारलं की उत्तर एकच, "वहिनी, अणूंचे दोन हलके गाभे आदळले की किती प्रकाश निघेल, ते मांडतोय." एकदा चिमूटभर कुंकू मागितलं. एकट्या पुरुषाला कुंकू कशाला हो? दिलं, पण मनात राहिलं.

तशात माझा सात महिन्यांचा बाळू तापला. ताप तीन दिवस हटेना. मास्तर ओढ्यावर गेलेले बघून मी पडवीत शिरले. सुपात तांदूळ मांडलेले, काही कुंकवानं लाल केलेले. एकीकडे चार, एकीकडे तीन, दोन्हींत दोन-दोन लाल.

सासूबाई म्हणाल्या, "सात म्हयन्याचा पोर नि सात दाणे. अजून काय पायजे गो? करणी हाय ही. आन ते कागद."

मी गठ्ठा चुलीशी नेला. वरची पानं पेटली, तेवढ्यात मास्तर दारात. त्यांनी हिसकावलं नाही. सूप आणून खाली बसले.

"बाकीचे जाळा, पण आधी बघा. हे चार, हे तीन. आदळून सातांचा एक गोळा झाला, की उरलेलं बळ उजेड होऊन निघतं. लोक अख्खा गोळा धरून हिशेब करतात. मी दाणा दाण्याशी कसा वागतो ते बघतो. लाल लालला ढकलतो, म्हणून कुंकू."

"तो उजेड तुमी पायलाय?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. डोळ्याला दिसत नाही तो."

"मंग करणीत नि ह्यात फरक काय, मास्तर?"

"माझं चुकलं तर कागदावर सापडतं, आजी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताप कधीपासून आहे?"

त्यांनीच गाडी जुंपायला लावली. शहापूरच्या डॉक्टरपर्यंत बाळूला मांडीवर घेऊन बसले. हिवताप निघाला. कोयनेल दिलं, पोर वाचलं. जळलेली पानं त्यांनी पुन्हा लिहिली, त्यात अख्खा पावसाळा गेला. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

लढाई संपल्यावर ते गेले. जाताना माझ्या हातात कागदाची पुडी दिली. आत चार लाल, तीन पांढरे.

सासूबाई म्हणाल्या, "वाहत्या पाण्यात सोड ते." मी ओढ्यावर जाऊन आले आणि सोडले म्हणून सांगितलं.

पुडी अजून माझ्या कुंकवाच्या डबीत आहे.