ऑटोला टायमर नव्हता

सलग चौथ्या सकाळी मेल सर्व्हरची सर्व्हिस बंद होती. मी सर्व्हरसमोर बसलेलो, माझ्यामागे शेठ आणि दारात सुनंदाताई. शेठ म्हणाले, "बघा, आज पण हिनेच चालू केला. हिच्या हातून काहीतरी बिघडतंय."

नंदुरबारजवळची ही मिरची पावडरची फॅक्टरी. शेठना शॉर्टसर्किटची भयंकर धास्ती, त्यामुळे काम सुटलं की मेन स्विच खाली. त्यातून मी बसवून दिलेला आणि मीच सांभाळत असलेला सर्व्हरही सुटलेला नव्हता. ऑफिसातला कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सुनंदाताई जवळच्या रनाळे गावच्या. त्या संध्याकाळी तो नीट शटडाऊन करायच्या आणि सकाळी आठला येऊन बटण दाबायच्या. चोवीस तास चालू ठेवा, हे शेठना सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं.

सर्व्हिस म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम. सर्व्हर चालू झाला की तिनं आपोआप सुरू व्हायचं असतं, म्हणून सेटिंगमध्ये तिच्यापुढे 'ऑटोमॅटिक' लिहिलेलं असतं. इथेही होतं. तरी ती रोज बंद. आणि हातानं स्टार्ट केली की पहिल्या झटक्यात चालू. असल्या बिघाडाचा मला राग येतो. साफ बंद पडलेलं यंत्र परवडलं, निदान ते खोटं बोलत नाही.

या चार दिवसांत एकदा मी येऊन सर्व्हिस चालू करेपर्यंत दुपार झाली, एका जुन्या व्यापाऱ्याची ऑर्डर तेव्हा उघडली गेली. तोवर त्यानं माल दुसरीकडून उचलला होता. शेठनी निकाल लावून टाकला. "सोमवारपासून सुनंदा पॅकिंगला."

सुनंदाताई पॅकिंगमधूनच वर आल्या होत्या. मिरचीच्या ठसक्यानं त्यांना दम लागायचा, डॉक्टरांनी तिथे जाऊ नका म्हणून बजावलेलं. रविवारच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकल्या, तेव्हा कुठे ही खुर्ची मिळाली होती.

"मी कायबी करेल नहीं सर," त्या हळूच म्हणाल्या. "मी फक्त बटन दाबस."

तो शनिवार होता. मी शेठना म्हटलं, "मला आजचा दिवस द्या."

"दिला. पण मला कारण पाहिजे. सबब नको."

आधी मी बटण स्वतः दाबून पाहिलं. सर्व्हिस बंदच. म्हणजे हात कोणाचाही असो, फरक नव्हता. मग लॉग उघडला. सर्व्हरनं काय काय केलं त्याची नोंद तिथे असते. मेल सर्व्हिसनं डेटाबेसला हाक मारली, ओ आली नाही, म्हणून ती थांबली, असं त्यात लिहिलं होतं. डेटाबेस म्हणजे सगळी मेल जिथे साठवतात ती जागा. तो पाहिला तर व्यवस्थित चालू. पासवर्ड बरोबर, डिस्कवर जागा भरपूर. मेलचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, रीस्टार्ट केलं. बंद. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा बंद. पण आता मी हट्टाला पेटलो होतो. कारण सापडल्याशिवाय या खोलीतून हलायचं नाही, असं ठरवलं.

दुपारी सुनंदाताईंनी डब्यातली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी माझ्यापुढे सरकवली आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं. "सर, हाई ऑटोमॅटिक म्हंजे मोटारना ऑटोसारखंच ना?"

शेतातल्या पंपाला ऑटो असतो. लाइट आली की तो मोटार आपोआप चालू करतो, माणसाला विहिरीपर्यंत जावं लागत नाही. मी म्हटलं, "हो, तसंच."

"मंग यान्हा ऑटोले टायमर नहीं का?"

"टायमर कशाला?"

"लाइट उनी का शिवारमधल्या समद्या मोटारी एकदम चालू व्हतस. मंग डीपी उडस. आमना मळामा ऑटोले टायमर लायेल शे. दोन मिंट थांबीसन मोटार चालू व्हस."

डीपी म्हणजे शिवाराला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, एकदम भार आला की तो उडतो. माझा घास हातातच राहिला. बावीस वर्षं हे काम करतोय, पण हे मला सुचलं नव्हतं.

लॉगमधल्या वेळा मी आता शेजारी शेजारी लावून पाहिल्या. सर्व्हर चालू होताच झाडून सगळ्या सर्व्हिस एकदम उठत होत्या आणि जुनी डिस्क एकटी सगळ्यांना पुरी पडत नव्हती. डेटाबेसला उठायला वेळ लागायचा. मेल सर्व्हिस अर्धा मिनिट वाट पाहून नाद सोडायची. डेटाबेस त्यानंतर जागा व्हायचा, म्हणून हातानं केली की चालायची.

टायमर होता, फक्त कोणी लावला नव्हता. 'ऑटोमॅटिक'च्या खालीच 'डिलेड स्टार्ट' असा पर्याय असतो, म्हणजे जरा थांबून सुरू होणं. तो निवडला. डेटाबेस उठल्याशिवाय तू उठायचं नाही, हेही मेल सर्व्हिसला बांधून दिलं. तीनदा रीस्टार्ट केलं, तिन्ही वेळा चालू.

पण एक प्रश्न उरला. हे याच आठवड्यात का सुरू झालं? उत्तर त्याच लॉगमध्ये होतं. मंगळवारी संध्याकाळी येऊन मी नवीन अँटीव्हायरस टाकला होता. सर्व्हर चालू झाल्या झाल्या तो अख्खी डिस्क तपासायला घ्यायचा. भरलेल्या डीपीवर आणखी एक मोटार जोडून आलो होतो मी, आणि बोलणी सुनंदाताई खात होत्या. मला स्वतःची लाज वाटली. त्याची तपासणी दुपारवर ढकलली.

सोमवारी आठला शेठ, मी आणि सुनंदाताई सर्व्हरसमोर उभे. त्यांनी बटण दाबलं. दोन मिनिटं गेली. तिसऱ्या मिनिटाला मेल उतरू लागली.

"कारण?" शेठनी विचारलं.

"मी. माझा अँटीव्हायरस. आणि ते शोधलं सुनंदाताईंनी."

शेठ माझ्याकडे वळले. "मग पॅकिंगला तुम्हाला पाठवू?"

"पाठवा."

त्यांनी खरंच नेलं. दहा मिनिटांत डोळ्यांना धार लागली आणि खोकून खोकून मी भिंत धरली. बाहेर आलो तर सुनंदाताई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. शेठ त्यांना म्हणाले, "जा, खुर्चीवर बस."

त्या दिवसापासून कुठेही सर्व्हिस बंद दिसली की मी आधी स्वतःचं शेवटचं काम तपासतो. बटण दाबणाऱ्याचा नंबर सगळ्यात शेवटी.